अनामत आणि मालकी : पुणे शहरातील घरगुती इंधनसाठ्याचा ऐतिहासिक आढावा

सारांश : घरातील इंधन आणि ते ज्या पात्रात साठविले जाते ते पात्र या दोन भिन्न वस्तू होत. इंधन ग्राहकाचे असले तरी पात्र त्याचे असेलच असे नाही. प्रस्तुत निबंधात पुणे शहराच्या संदर्भात हौद, रॉकेलचा डबा, गॅस सिलिंडर, गोबरगॅसची टाकी आणि गृहसंकुलातील सामाईक गॅससाठा या टप्प्यांच्या आधारे साठ्याच्या मालकीचा विचार केला आहे. पात्राची मालकी ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच पुरवठ्याच्या निवडीचा अधिकार जातो, परंतु देखभालीची व सुरक्षिततेची जबाबदारीही त्याच्याच माथी येते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अनामत रक्कम, दाबपात्र, गॅस सिलिंडर, गोबरगॅस, नळगॅस, पुणे.

१. प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जमिनीच्या व घराच्या मालकीविषयी विपुल लेखन झाले आहे. कूळकायदा, भाडेनियंत्रण, पागडी आणि सदनिकांची मालकी हे विषय अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. त्या मानाने घराच्या आत असलेल्या, परंतु घरमालकाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंकडे फारसे लक्ष गेलेले नाही. अशा वस्तूंमध्ये स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर अग्रक्रमाने येतो. पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबात तो वर्षानुवर्षे वावरतो. त्याची नोंद शिधापत्रिकेवर होते, वाटण्यांच्या वेळी त्यावरून बोलाचालीही होते. तथापि कायद्याच्या दृष्टीने तो त्या कुटुंबाचा नसतो. कुटुंबाने भरलेली रक्कम किंमत नसून अनामत असते.

साठ्याच्या मालकीचा विचार करताना तीन हक्क वेगळे काढणे आवश्यक आहे. पहिला हक्क पात्राचा, दुसरा पात्रातील मालाचा आणि तिसरा ते पात्र पुन्हा कोणाकडून भरून घ्यावयाचे हे ठरविण्याचा. हे तीनही हक्क एकाच हाती असले म्हणजे मालकी पूर्ण म्हणता येईल. ते विभागले गेले की ग्राहकाचे स्वातंत्र्य कोठे संपते हे तपासावे लागते. प्रस्तुत निबंधाचा हाच मुख्य उद्देश आहे.

२. पूर्वपीठिका : हौदाची मालकी

घराच्या पोटात साठा आणि बाहेरून पुरवठा ही रचना पुण्याला नवी नाही. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीच्या नळाने शहरात पाणी आणण्यात आले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले गेले आणि पेठांमध्ये हौद तयार झाले. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने वेगळा नळ आणला. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही स्थळनामे आजही त्या व्यवस्थेची साक्ष देतात. वाड्यातील हौद वाड्याच्या मालकाचा असे, पण त्यात येणारे पाणी मुख्य नळावर अवलंबून असे. साठा खासगी आणि स्रोत सत्तेच्या ताब्यात, अशी ही विभागणी होती.

या संदर्भात एका घटनेचे महत्त्व विशेष आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुला केला. या घटनेचा विचार सामाजिक समतेच्या अंगाने झाला आहे आणि तो यथार्थच आहे. मात्र तिला मालकीचेही एक अंग आहे. सार्वजनिक पाणवठ्यांवर जातिव्यवस्थेची बंधने होती. ती एका व्यक्तीच्या निर्णयाने उठणे शक्य नव्हते. घरचा हौद मात्र स्वतःचा होता. तो कोणासाठी उघडावयाचा हे ठरविण्याचा अधिकार मालकाला होता आणि त्या अधिकाराचा उपयोग फुल्यांनी केला. साठ्याची मालकी ही केवळ आर्थिक सोय नसून निर्णयाची सत्ता असते, हे यावरून स्पष्ट होते.

३. वखार आणि रॉकेलचा डबा

इंधनाच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुणेकर कुटुंब बहुतांशी स्वतःच्या साठ्याचे धनी होते. वखारीतून आणलेली लाकडे, कोळशाची पोती आणि गोवऱ्या यांसाठी विशेष पात्राची गरज नव्हती. पावसाळ्यापूर्वी माळ्यावर किंवा बोळात लाकडे रचून ठेवली की वर्षाची बेगमी होई. वखार बदलणे हा केवळ भावाचा व ओळखीचा प्रश्न होता.

खनिज तेलाने प्रथमच पात्राचा प्रश्न पुढे आणला. मराठीत या तेलाला रॉकेल व घासलेट अशी दोन नावे रूढ झाली. रॉकेल हे इंग्रजीतील खडकतेलाच्या नावावरून, तर घासलेट हे गॅसच्या दिव्याच्या इंग्रजी नावावरून आले, असे मानले जाते. हे तेल चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यातून येत असे. हा डबा तेलाबरोबर विकला जाई आणि तेल संपल्यावर तो ग्राहकाचा होई. कडी बसवून त्याचे पाण्याचे भांडे केले जाई, धान्य साठविण्यासाठी तो वापरला जाई, त्यात तुळस लावली जाई, तो कापून छपराला पत्रा केला जाई. विदेशी तेलकंपनीचा डबा अशा रीतीने देशी संसाराचा भाग झाला. कंपनीला तो परत नको होता आणि ग्राहकाला तो परत करावयाचा नव्हता.

पुढे रॉकेल शिधापत्रिकेवर मिळू लागले तेव्हा नियंत्रण तेलाच्या परिमाणावर आले. डबा मात्र ग्राहकाचाच राहिला. कोणत्याही दुकानाचे तेल कोणत्याही डब्यात भरता येई. वर सांगितलेल्या तीन हक्कांपैकी पहिले दोन ग्राहकाकडे पूर्णपणे आणि तिसरा शिधावाटपाच्या मर्यादेत होता.

४. सिलिंडर : वापर ग्राहकाचा, मालकी कंपनीची

द्रवरूप पेट्रोलियम वायूने ही स्थिती मुळापासून बदलली. भारतात १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने त्याची विक्री सुरू केली. इंडियन ऑइलने १९६५ मध्ये कलकत्त्यात ‘इंडेन’ बाजारात आणले. १९७४ मध्ये एस्सोचा व्यवसाय हिंदुस्तान पेट्रोलियमकडे आला आणि १९७६ मध्ये बर्मा शेलच्या भारतातील व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन भारत पेट्रोलियम अस्तित्वात आली. अशा रीतीने पुणेकर ग्राहकासमोर तीन सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या.

या वायूचे वैशिष्ट्य असे की, तो दाबाखालीच द्रवरूपात राहतो. त्यामुळे त्याचे पात्र पत्र्याच्या डब्यासारखे साधे असू शकत नाही. ते पोलादी दाबपात्र असावे लागते, त्याची ठराविक मुदतीने चाचणी व्हावी लागते आणि ते परवानाधारक केंद्रातच भरावे लागते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ते अक्षर वर्षाची तिमाही दाखविते आणि त्यावरून पुढील चाचणीची मुदत समजते. विस्फोटक अधिनियम, १८८४ आणि त्याखालील गॅस सिलिंडर नियम यांच्या चौकटीत ही सर्व व्यवस्था चालते. लक्षावधी सिलिंडर सतत फिरते ठेवावयाचे, त्यांची चाचणी करावयाची आणि सदोष पात्र बाजूला काढावयाचे, तर त्यांची मालकी कंपनीकडे असणे व्यवहार्य होते. आज घरी आलेला सिलिंडर पुढच्या वेळी दुसऱ्याच घरी जातो. अशा फिरत्या वस्तूची वैयक्तिक मालकी कल्पिणेही कठीण आहे.

परंतु तांत्रिक गरजेतून निर्माण झालेल्या या रचनेचे सामाजिक परिणाम दूरगामी ठरले. १९७० व १९८० च्या दशकांत गॅसजोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे. दूरध्वनी, स्कूटर आणि गॅस या तीन गोष्टींसाठी नाव नोंदविणे हा मध्यमवर्गीय जीवनाचा भाग होता. रांग टाळून जोडणी देण्यासाठी खासदारांकडे कूपने असत. जोडणी मिळाल्यावर शिधापत्रिकेवर तसा शिक्का बसे आणि रॉकेलचा कोटा घटे अथवा बंद होई. म्हणजे ज्या इंधनाचे पात्र स्वतःचे होते ते सोडून ज्याचे पात्र कंपनीचे होते त्याकडे कुटुंब वळले. हा बदल त्याने आनंदाने स्वीकारला, कारण धुराचा आणि काजळीचा त्रास संपत होता. विशेषतः चुलीपुढे व स्टोपुढे आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने हा लाभ मालकीच्या तात्त्विक प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा होता, हे मान्य केले पाहिजे.

अनामतीचे अर्थशास्त्र मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. ही रक्कम विनाव्याज असते. जोडणी परत करताना मूळ पावतीवर नोंदविलेली रक्कमच मिळते, मग दरम्यान कितीही वर्षे लोटलेली असोत. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत १,४५० रुपयांवरून २,२०० रुपये करण्यात आली. त्यापूर्वीच्या दराने दोन सिलिंडर घेतलेल्या कुटुंबाने वाढीनंतर जोडणी परत केली तर त्याला २,९०० रुपये मिळतील. तीच जोडणी नव्याने घ्यावयाची तर ४,४०० रुपये लागतील. १,५०० रुपयांचा हा फरक ग्राहकाच्याच खिशातून जातो. पात्राची किंमत वाढली तर त्या वाढीचा लाभ मालकाला होतो. अनामत भरणाऱ्याला होत नाही. भाडेकरू आणि घरमालक यांच्या संबंधाची आठवण यावी असाच हा व्यवहार आहे. फरक एवढाच की, येथे दरमहा भाडे नाही. अनामतीवरील न मिळणारे व्याज हेच त्याचे भाडे होय. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चाचणी, दुरुस्ती आणि निकामी पात्राच्या बदलीचा वेगळा खर्च ग्राहकाला करावा लागत नाही.

तिसऱ्या हक्काच्या बाबतीत ग्राहकाची स्थिती अधिक दुबळी राहिली. एका कंपनीचा सिलिंडर दुसरी कंपनी भरून देत नाही. १९९३ मध्ये खासगी कंपन्यांना समांतर विक्रीची परवानगी मिळाली, पण सरकारी अनुदानामुळे स्वस्त असलेल्या गॅसशी घरगुती बाजारात स्पर्धा करणे त्यांना अवघड गेले. एखाद्या पुरवठादाराने व्यवसाय आवरला तर त्याच्या ग्राहकाच्या हाती अन्य कोणीही भरून न देणारे पात्र उरते, हा या रचनेतील अंगभूत धोका होय. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनुदानित सिलिंडरची संख्या वर्षाला सहापर्यंत मर्यादित केली. ती पुढे नऊ व नंतर बारा झाली. २०१४ मध्ये वितरक व कंपनी बदलण्याची सोय देशातील शेकडो जिल्ह्यांत उपलब्ध झाली. तरीही कंपनी बदलावयाची तर जुने सिलिंडर परत करून नव्या कंपनीकडे प्रचलित दराने अनामत भरणे आले. २०२५ मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने कोणत्याही कंपनीकडून सिलिंडर भरून घेण्याच्या कल्पनेवर मते मागविली. सत्तर वर्षांनंतरही हा प्रश्न सुटलेला नाही, याचे हे द्योतक आहे.

५. स्वतःची गॅसटाकी : गोबरगॅसचा प्रयोग

सिलिंडरला पर्याय ठरू शकेल अशी, घरमालकाच्या पूर्ण मालकीची आणि बहुतांशी जमिनीखाली असणारी गॅसटाकी महाराष्ट्राने याच काळात पाहिली, ती म्हणजे गोबरगॅस संयंत्र. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळविण्यात आला होता. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हा आराखडा तयार केला आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या पोलादी टोपीच्या संयंत्राचा प्रसार केला. १९८४ च्या ‘दीनबंधू’ आराखड्यात ही टोपीही नाहीशी होऊन विटांचा घुमट जमिनीखाली गेला.

पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी केलेले कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. वैद्यकीय अधिकारी म्हणून देहूत आलेल्या मापुसकरांनी गावाच्या स्वच्छतेला आयुष्य वाहिले. अप्पा पटवर्धनांच्या विचारांची प्रेरणा घेऊन त्यांनी शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ या जैववायू संयंत्राचा आराखडा विकसित केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुणे शहरात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेत डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या एकमेकींत उपड्या बसवून, स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये लंडन येथे अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

या संयंत्रांत तीनही हक्क घरमालकाकडे असतात. पात्र त्याचे, वायू त्याचा आणि कच्चा मालही त्याच्याच गोठ्यातला किंवा स्वयंपाकघरातला. अनामत नाही, वितरक नाही, प्रतीक्षायादी नाही. असे असूनही शहरात सिलिंडर सर्वत्र पसरला आणि जैववायू अपवादात्मक राहिला. याची कारणे मालकीच्याच स्वरूपात दडलेली आहेत. एक घनमीटर जैववायूसाठी सुमारे २५ किलो शेण रोज लागते आणि त्यातून सुमारे ०.६२ लिटर रॉकेलइतकी उष्णता मिळते. जनावरे नसलेल्या कुटुंबाला ही टाकी निरुपयोगी ठरते. पोलादी टोपी गंजते, घुमटाला भेगा जातात, थंडीत वायू घटतो. या प्रत्येक वेळी जबाबदारी मालकाची असते. जागा लागते ती वेगळीच. पूर्ण मालकी म्हणजे पूर्ण देखभाल, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नोकरदार कुटुंबाला ती झेपणारी नव्हती.

६. भूमिगत टाकी, गॅस बँक आणि नळगॅस

परदेशात, विशेषतः अमेरिकेच्या ग्रामीण व उपनगरी भागात, घराच्या आवारात प्रोपेनची मोठी टाकी असते व ती पुष्कळदा जमिनीखाली पुरलेली असते. तेथे टाकी भाड्याने घ्यावी की विकत, हा गृहस्थाच्या नित्य विचाराचा प्रश्न आहे. भाड्याच्या टाकीत केवळ ती देणारी कंपनीच गॅस भरते. दर वाढविले तरी ग्राहकाला सहसा दुसरीकडे जाता येत नाही. स्वतःची टाकी असलेला ग्राहक हंगामापूर्वी भाव विचारून पुरवठादार निवडतो. त्याबदल्यात टाकीची किंमत, पोलाद गंजू नये म्हणून करावयाची विद्युत्-रासायनिक संरक्षणाची व्यवस्था, झडपांची तपासणी आणि घर विकताना टाकीचा हिशेब हे सर्व त्याच्याकडे येते.

पुण्यात बंगलेमालकाने अशी टाकी पुरल्याची उदाहरणे सर्रास आढळत नाहीत, यालाही कायद्याची पार्श्वभूमी आहे. १,००० लिटरपेक्षा अधिक जलधारणक्षमतेचे दाबपात्र स्थिर व फिरत्या दाबपात्रांच्या नियमांखाली येते. हे नियम १९८१ मध्ये झाले व २०१६ मध्ये नव्याने करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना करते. अमेरिकेत सर्वसाधारण मानली जाणारी ५०० गॅलनची टाकी सुमारे १,९०० लिटरची असते. म्हणजे ती आपल्याकडे परवान्याच्या कक्षेत येईल. सुरक्षित अंतराची अट दाट वस्तीत पाळणे एकट्या घरमालकाला कठीणच.

मात्र गृहसंकुलांच्या रूपाने हा प्रश्न पुण्यात वेगळ्या मार्गाने आला. अनेक संकुलांत तळमजल्याजवळ सिलिंडरांच्या दोन रांगा जोडून गॅस बँक केली जाते आणि तेथून नळांनी प्रत्येक सदनिकेत गॅस जातो. येथे नळ, नियंत्रक व मीटर यांचा खर्च पुष्कळदा सदनिकेच्या किमतीत समाविष्ट असतो, तर सिलिंडर पुरवठादाराचे असतात. हा करार बहुधा विकसक करतो आणि नंतर स्थापन होणाऱ्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला तो वारशाने मिळतो. सदनिका मालकीची, नळ संस्थेचे, पात्र कंपनीचे आणि करार मात्र तिसऱ्यानेच केलेला, अशी ही गुंतागुंत आहे. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले की नाही याची चौकशी करणारे सभासद गॅस बँकेचा कोणता भाग संस्थेच्या मालकीचा आहे हे क्वचितच विचारतात.

२००६ मध्ये गेल व भारत पेट्रोलियम यांच्या भागीदारीतून पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि क्रमाने नळगॅस घराघरांत पोहोचू लागला. येथे घरात साठाच उरत नाही. अनामत मात्र राहते. ती आता सिलिंडरऐवजी मीटर व जोडणीसाठी असते. ग्राहकाची सिलिंडर उचलण्याची, नंबर लावण्याची आणि ऐन सणात गॅस संपण्याची चिंता मिटते. परंतु घरातील राखीव साठा गेल्याने पुरवठ्यावरील अवलंबन पूर्ण होते. कात्रजच्या नळावर विसंबलेल्या वाड्यात निदान हौद तरी होता.

७. विवेचन

वरील आढाव्यावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, इंधन जसजसे स्वच्छ व सोयीचे होत गेले तसतशी पात्राची मालकी ग्राहकाकडून पुरवठादाराकडे सरकत गेली. दुसरी बाब अशी की, हे स्थित्यंतर केवळ कंपन्यांच्या लोभातून घडले असे म्हणता येणार नाही. दाबाखालील ज्वलनशील वायूचे पात्र हे सार्वजनिक सुरक्षिततेशी निगडित असते. त्याच्या चाचणीची जबाबदारी कोणीतरी सक्षम संस्थेने घेणे आवश्यक होते. तिसरी बाब अशी की, सुरक्षिततेसाठी मालकी कंपनीकडे असणे आणि त्या मालकीच्या बळावर ग्राहकाला बांधून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट तांत्रिक आहे, दुसरी व्यापारी. आपल्याकडे त्या एकत्र मिसळल्या गेल्या.

अनामतीचा भार गरीब कुटुंबावर अधिक पडतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेत अनामत न घेता जोडणी देण्यात आली, याचा अर्थच असा की ही रक्कम प्रवेशद्वारावरील अडसर होती, हे शासनाने मान्य केले. अडसर दूर झाला, तरी पुनर्भरणाचा खर्च आणि पुरवठादाराची निवड हे प्रश्न शिल्लक राहिले.

८. निष्कर्ष

१) घरगुती इंधनाच्या इतिहासात पात्राची मालकी, मालाची मालकी आणि पुनर्भरणाचा हक्क यांचा स्वतंत्रपणे अभ्यास होणे आवश्यक आहे.

२) रॉकेलचा डबा ते सिलिंडर हे स्थित्यंतर खरेदीकडून अनामतीकडे झालेले स्थित्यंतर होते. त्यात सोय व सुरक्षितता वाढली, परंतु निवडीचे स्वातंत्र्य घटले.

३) जैववायूच्या टाकीने पूर्ण मालकी दिली, तथापि जागा, कच्चा माल आणि देखभाल यांमुळे ती नागर जीवनात मर्यादित राहिली.

४) गृहसंकुलातील गॅस बँक वा टाकी यांबाबत संस्थेने करार, उपकरणांची मालकी, चाचणीची जबाबदारी व पुरवठादार बदलण्याची अट या चार गोष्टी लेखी स्वरूपात ताब्यात घ्याव्यात. परवाना व देखभाल सांभाळण्याची क्षमता असलेल्या मोठ्या संस्थेस मालकी लाभदायक ठरेल. लहान संस्थेस भाड्याची व्यवस्था अधिक सुरक्षित राहील.

५) सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीकडे ठेवूनही पुनर्भरणाचा हक्क ग्राहकाला देणे तत्त्वतः शक्य आहे. सिलिंडरच्या परस्पर विनिमयाची चर्चा त्या दिशेने जाते.

घर स्वतःचे असावे ही पुणेकराची आयुष्यभराची आकांक्षा असते आणि त्यासाठी तो कर्जाचे ओझेही वाहतो. त्या घरात अन्न शिजविणारा अग्नी कोणाच्या पात्रातून येतो आणि ते पात्र भरण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या प्रश्नालाही मालकीच्या इतिहासात स्थान मिळावयास हवे.